खळ्यातलं सुपरहिरो नाटक: चार वीर, एक आजी आणि भरतीवर जगणारा मांत्रिक

मे महिन्यात कोकणातल्या घरांत पोरं मावत नाहीत. मुंबईची येतात, गावची असतातच. आंबे खाऊन झाले की सगळ्यांना एकच खेळ हवा असतो, सुपरहिरोंचा. कोणी पाठीला टॉवेल बांधतं, कोणी पडवीवरून उडी मारतं आणि पाच मिनिटांत रडारड सुरू होते, कारण जिंकायचं सगळ्यांना असतं आणि हरायला कोणी तयार नसतं. याच खेळाचं सुट्टी संपायच्या आत चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं नाटक करता येतं. घराचं खळं म्हणजे पुढचं अंगण, आठ ते बारा मुलं आणि आठवडाभर संध्याकाळचे दोन तास देणारं एक मोठं माणूस एवढं पुरतं. ते माणूस तुम्ही आहात असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच गोष्ट उदाहरणासाठी शेवटपर्यंत वापरली आहे. ती जशीच्या तशी उचलली तरी चालेल, पण तुमच्या वाडीची खाडी, तुमचा सडा (वरचं कातळाचं पठार), तुमची विहीर तिच्यात घातलीत तर लोक जास्त हसतील.

पायरी १: आधी खलनायक

मुलं सुपरहिरोंपासून सुरुवात करतील. त्यांना थांबवा. हिरोंची टोळी ज्याच्यासाठी जमायची, तो कसा आहे हे ठरल्याशिवाय कोण हवं आणि कोण नको हे कळतच नाही.

जादूवाल्या खलनायकाची एक अडचण असते. त्याला काहीही करता येत असेल तर हिरो जिंकले काय आणि हरले काय, बघणाऱ्याला दोन्ही खोटंच वाटतं. यावरचा उपाय आपल्या पुराणांनी कधीचाच काढून ठेवला आहे: वर द्यायचा आणि वरात एक फट ठेवायची. हिरण्यकशिपूला माणूस मारू शकत नाही, पशूही नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. मग नरसिंह तिन्हीसांजेला उंबरठ्यावर येतो. इंद्रजिताचा निकुंभिलेतला यज्ञ पुरा झाला असता तर त्याला कोणी हरवू शकलं नसतं. बिभीषणाने ते सांगितलं म्हणून लक्ष्मण वेळेत पोचला. दोन्ही गोष्टींचा शेवट त्यांच्या सुरुवातीच्या अटीतच लिहिलेला आहे.

तेव्हा पहिल्या संध्याकाळी मुलांना गोल बसवा आणि खलनायकाबद्दल तीनच प्रश्न विचारा. त्याची जादू येते कुठून? वाढते कशाने? उतरते कशाने? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत उठू देऊ नका.

आमच्या उदाहरणातला खलनायक आहे उधाण्या. त्याची जादू समुद्रातून येते, भरतीबरोबर चढते आणि ओहोटीबरोबर उतरते. त्याला वाडीची विहीर हवी आहे. जगातलं सगळं गोडं पाणी खारं करायचं आणि मग सगळीकडे आपलंच राज्य, असा त्याचा हिशेब. शहरातल्या प्रेक्षकाला हा बेत किरकोळ वाटेल. पण मे अखेरीस विहिरीचा तळ दिसायला लागलेल्या वाडीत ‘उद्या पाणी खारं होणार’ या वाक्याला जी शांतता पसरते, ती पृथ्वी नष्ट करायच्या धमकीला पसरत नाही. खाडीकाठच्या शेतात बांध फुटून खारं पाणी शिरलं की काय होतं, हे समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी पाहिलेलं असतं.

भरती निवडायचं आणखी एक कारण आहे: तिचं गणित वाडीत सगळ्यांना ठाऊक असतं. दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं, त्यामुळे रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात म्हणून उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ काटकोनात येते म्हणून भांगाची, म्हणजे पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब तर आणखी सोपा: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या आसपास भरती. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमाराला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हा अंदाज नाटकाला पुरतो. खरोखर पाण्यात उतरायचं असेल तर तक्ता बघा, नाहीतर होडीवाल्याला विचारा.

तर उधाण्याची फट ही: अष्टमीच्या मध्यरात्री, भांगाच्या ओहोटीला, त्याचा जोर सगळ्यात कमी असतो. आणि त्याची सगळी जादू एका मंतरलेल्या शंखात आहे. तो शंख खाडीच्या चिखलात पुरलेला आहे. भरतीची रेषा ओलांडून तो वर सड्यावर नेला की समुद्राचा आणि त्याचा संबंध तुटतो.

पुढे जाण्याआधी दोन खबरदाऱ्या. तुमचा मांत्रिक गावातल्या कोणाही खऱ्या माणसासारखा दिसता-बोलता कामा नये. गावातला भगत नको, एकटी राहणारी म्हातारी तर मुळीच नको. लोकांवर असले आळ घेण्यातून काय काय झालं आहे म्हणून राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. पोरांच्या नाटकातून त्याला खतपाणी मिळायला नको. उधाण्या समुद्रातून आलेला आहे, त्याचं घर गावात नाही, हे पहिल्याच प्रवेशात स्वच्छ सांगा.

दुसरी खबरदारी ग्रामदेवतांची. एखादं पोर म्हणेलच, की टोळीत वेतोबाला घेऊया. आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चपला वाहतात आणि तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. पोराचा मुद्दा म्हणजे चुकीचा नाही, तयार सुपरहिरोच तो. तरीही नको. नाटकात हिरो चुकतात, भांडतात, आपटतात. देवाला ते करायला लावलं तर प्रयोगाआधीच बैठक भरेल.

पायरी २: टोळी, आणि प्रत्येकाचं अपंगपण

हिरो चार पुरे. बाकीची मुलं गावकरी, खेकडे, लाटा, वाद्यवृंद. चारांवर गेलात की प्रत्येकाच्या वाट्याला एक वाक्य येतं आणि तो ते विसरतो.

नियम असा: प्रत्येकाला एक शक्ती द्या आणि त्याच शक्तीतून निघालेली एक अडचण द्या. आमचे चौघं असे आहेत.

चिरेबंदी ही जांभ्या दगडाची मुलगी. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर राहिला की कडक होत जातो. तशी ही मार खाईल तितकी घट्ट होते. पण जांभ्याला भोकं असतात, तो पाणी पितो. पाण्यात उभी राहिली की ती हळूहळू जड होत जाते आणि शेवटी जागची हलू शकत नाही.

कुर्ली कुठल्याही बिळात शिरते आणि नांगीत धरलेलं सोडत नाही. पण ती फक्त वाकडी चालते. सरळ समोरच्या माणसाकडे जायचं तर तिला अख्ख्या खळ्याला वळसा घालावा लागतो. हे काम वाडीतल्या सगळ्यात चळवळ्या पोरीला द्या.

काजवा हा सगळ्यात धाकटा. त्याचा उजेड अंधारातच दिसतो, दिवसा त्याला कोणी मोजत नाही. मेच्या शेवटी पावसाआधी झाडांवर काजवे लखलखायला लागतात, त्यामुळे पोरांना अभ्यासाला बाहेर न्यायचं असेल तर काळही तोच आहे.

चौथा चाकरमानी, अर्थात क्रॉसिंगमॅन. विजेच्या वेगाने धावतो, पण शिट्टी ऐकली की जागच्या जागी थांबतो आणि हिरवा झेंडा मिळेपर्यंत हलत नाही. एकेरी मार्गावरच्या कोकण रेल्वेने, समोरची गाडी जाईपर्यंत थांबत थांबत गावी आलेल्या माणसाला यातला विनोद समजावून सांगावा लागत नाही. हे काम मुंबईहून आलेल्या मुलाला द्या आणि मालवणी बोलताना तो अडखळला तर अडखळू द्या, हशा आपोआप मिळतो.

आता परीक्षा. एकेकाला गोष्टीतून काढून बघा. तो नसताना बाकीचे तिघं जिंकत असतील, तर तो नुसता भरीला घेतलेला गडी आहे. आमच्याकडे शंख बिळातून काढायला कुर्ली लागते, बीळ दिसायला काजवा, तेवढा वेळ खाडीच्या तोंडावर पाणी अडवायला चिरेबंदी आणि शंख सड्यावर पोचवायला क्रॉसिंगमॅन. एक जरी घरी राहिला तरी विहीर खारी होते. उधाण्या लपायला अंधार करतो आणि त्याच अंधारामुळे काजवा दिसायला लागतो, ही गाठ मुलांनी स्वतः शोधली तर उत्तम. पण शोधली नाही तर हळूच सुचवा.

नुसती माणसं जमली म्हणजे टोळी होत नाही, हे कॉमिक्सच्या इतिहासातही दिसतं. अमेरिकेत १९४० साली ‘जस्टिस सोसायटी’ ही सुपरहिरोंची पहिली टोळी आली, तेव्हा पहिल्या अंकात ही मंडळी टेबलाभोवती जमून एकेकट्याचे पराक्रम सांगत बसली होती. मुलं पहिल्या तालमीला नेमकं हेच करतात. जो तो येऊन आपली शक्ती दाखवतो आणि बाजूला उभा राहतो.

पायरी ३: शक्ती नसलेली आजी

या नाटकातली सगळ्यात महत्त्वाची भूमिका आजीची आहे आणि तिला एकही शक्ती नाही. तिच्याकडे पंचांग आहे आणि पानाचा डबा आहे.

१९६० साली ‘जस्टिस लीग’ पहिल्यांदा जमली ती तारामाशाच्या आकाराच्या एका राक्षसाविरुद्ध. सुपरहिरोंच्या त्या गर्दीत फट सापडली ती एका साध्या मुलामुळे. हिरवळीवर चुना टाकताना तो मुलाच्या अंगावर उडाला होता, म्हणून राक्षसाची सत्ता त्याच्यावर चालेना. शेवटी राक्षसाला हरवलं ते चुन्यानेच. म्हणजे आपल्या आजीच्या डबीतल्या वस्तूने! शिंपले भाजून चुना करणाऱ्या किनाऱ्यावर ही कल्पना कोणाला सुचायला हवी होती, ते सांगायला नको.

आजीचा प्रवेश असा लिहा की फट तिच्या बोलण्यातून उघडेल, पण भाषणातून नाही. तिने कळशीतलं पाणी तोंडाला लावावं आणि थुंकावं.

‘गो आजी, काय झाला?’

‘पाणी खारट लागता. झिला, पंचांग हाड बघया. आज तिथी खयची?’

मग ती बोटांच्या पेरांवर मोजते, प्रेक्षकही तिच्याबरोबर मोजायला लागतात. इथे घाई करू नका. म्हाताऱ्या माणसांना स्वतःचा हिशेब रंगमंचावर दिसतो, तो हा क्षण. प्रयोगाच्या दिवशी खरोखर जी तिथी असेल तीच आजीने म्हणायची आणि तिथून अष्टमीपर्यंत दिवस मोजायचे. ‘तवसर कळ काढा. अष्टमीक तेचो जोर उतारतलो.’

आजीचं काम शक्यतो खऱ्या आजीला द्या. ती संवाद बदलेल, मध्येच पोरांना ओरडेल, कोणालातरी ‘पंखो लाव रे’ म्हणेल. सगळं चालतं.

पायरी ४: आधी आपापसात जुंपू द्या

हिरो भेटल्याबरोबर हातात हात घालून लढायला निघाले तर नाटक वीस मिनिटांत आटोपतं. त्यांचं आधी बिनसायला हवं आणि ते खलनायकाच्या जादूने बिनसायला हवं. १९६३ सालच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या पहिल्या अंकात हेच आहे. लोकी हा कपटी जादूगार थॉरला अडकवायला हल्कवर आळ आणतो आणि मदतीची हाक थॉरपर्यंत पोचेल अशी व्यवस्था करतो. पण ती हाक इतरांनाही ऐकू जाते आणि एका शत्रूऐवजी अख्खी टोळी त्याच्या गळ्यात पडते. त्याच्याच डावाने त्याचा घात केला.

उधाण्याला दुसऱ्याचा आवाज काढता येतो असं ठरवा. पडद्यामागून तो कुर्लीच्या आवाजात चिरेबंदीला ‘दगड’ म्हणतो, काजव्याच्या आवाजात क्रॉसिंगमॅनला ‘लेट’ म्हणतो. कोण बोललं ते प्रेक्षकांना दिसतं, हिरोंना नाही. लहान मुलं पुढच्या रांगेतून ओरडून सांगायला लागतात. त्यांना गप्प बसवू नका, नाटक लागलं याची ती पावती आहे.

भांडणाचे संवाद मुलांकडूनच घ्या. खऱ्या भांडणाइतकं चांगलं कोणी लिहू शकत नाही. नमुन्याला:

‘मेल्या, वाऱ्यासारखो धावतंस ना? मगे सिग्नलची वाट कित्याक बघतंस?’

‘आणि तू? तू कधी सरळ चालणार?’

‘मी वाकडाच चलतलंय. सरळ चलान कोणाचा बरा झाला?’

हे भांडण मिटतं कसं? क्षमा मागून नाही. उधाण्या लोभाने एक चूक करतो. तो आजीचा आवाज काढतो आणि त्या आवाजात सांगतो, ‘पोरांनो, तहान लागली असेल तर विहिरीचं पाणी प्या.’ त्याच वेळी खरी आजी समोर पान लावत बसलेली असते. चौघं तिच्याकडे बघतात, मग पडद्याकडे बघतात. दोन आकडे मोजायचे, मग झांज. टोळी इथे जमते.

पायरी ५: संहिता नको, एक कागद

पाठांतर करून घेऊ नका. पाठ केलेलं वाक्य विसरलं की मूल पुतळ्यासारखं उभं राहतं. त्यापेक्षा दशावताराची, या कोकणी लोकनाट्याची, रीत घ्या. तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, कोण कोणानंतर येणार ते ठरलेलं असतं आणि संवाद नट तिथल्या तिथे बोलतात. रंगमंचावर एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. बाकडं कधी सिंहासन होतं, कधी डोंगर. तुमचंही बाकडं विहिरीचा कठडा होईल, मग होडी, शेवटी सडा.

एका मोठ्या कागदावर प्रवेशांची नावं आणि प्रत्येकापुढे ‘या प्रवेशात काय बदललं पाहिजे’ एवढं एकच वाक्य लिहून तो माजघराच्या दाराला डकवा. पाणी खारं लागतं. आजीला तिथी कळते. चौघं एकेक करून येतात. बिनसतं. आवाजाची चोरी उघडी पडते. खाडीतली रात्र. सड्यापर्यंतची धाव. यातल्या खाडीतल्या रात्रीला एकूण वेळेचा तिसरा हिस्सा द्या, चौघांना आणण्यात पाच मिनिटांवर घालवू नका.

आणखी एक गोष्ट दशावताराकडून उचला. आडदशावतारातला, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागातला संकासूर वेद पळवणारा असुर आहे, तरी तो लोकांना हसवतो. तुमचा उधाण्याही विनोदी असू द्या. पुढे बसलेल्या तीन वर्षांच्या पोराला रात्री झोप लागली पाहिजे.

पायरी ६: जादू दाखवायची कशी

खर्च करायचाच असेल तर तो इथे करा, आणि तोही एका चांगल्या टॉर्चवर. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ पिढ्यान् पिढ्या जपला आहे. त्याचं जे तत्त्व, त्यावरच उधाण्या उभा करायचा.

पांढरी सुती डबल चादर दोन खांबांना ताणून बांधा, सुरकुती राहता कामा नये. चादरीच्या मागे आठ फुटांवर जमिनीवर टॉर्च ठेवा. एकच बारीक एलईडी असलेला टॉर्च घ्या. ट्यूब किंवा पसरट दिवा घेतलात तर सावलीच्या कडा पुसट होतात. आता उधाण्या झालेला मुलगा टॉर्च आणि चादर यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे टॉर्चपासून चार फुटांवर उभा राहिला की त्याची सावली दुप्पट होते. दोन फुटांवर आला की चौपट, डोकं चादरीच्या वर निघून जातं. टॉर्च जमिनीवर असल्यामुळे पाय खालीच राहतात आणि बाकीचा देह वर वाढत जातो. भरती चढते तसा त्याने एकेक पाऊल टॉर्चकडे मागे यायचं, पखवाजाने लय वाढवायची. पहिल्या तालमीत स्वतःची सावली वाढताना बघायला ते पोर मागे वळेल आणि उजेड थेट डोळ्यांत घेईल. टॉर्चकडे पाठ, तोंड चादरीकडे, हे आधीच बजावा.

शेवटी त्याला लहान करायचं असतं आणि तिथे एक अडचण येते. चादरीला चिकटून उभा राहिला तरी सावली माणसाच्या खऱ्या उंचीपेक्षा लहान होत नाही. म्हणून पुठ्ठ्याचे दोन उधाण्ये कापून ठेवा, एक हातभर आणि एक बोटभर. शंख सड्यावर पोचताच मुलाने उजेडाच्या बाहेर, चादरीच्या कडेला खाली बसायचं आणि हात लांब करून हातभर पुठ्ठा चादरीला टेकवायचा, मग बोटभर. बोटभर पुठ्ठा शेवटी माशाच्या आकाराचा कापला तर आजीला एक वाक्य मिळतं: ‘ह्यो तर तारलो!’

लाटांसाठी जुनी निळी-हिरवी लुगडी. दोघांनी दोन टोकं धरून जमिनीलगत हलवायची, भरती वाढली की कमरेपर्यंत. चिरेबंदी त्या दोन लुगड्यांच्या मध्ये उभी राहते आणि प्रत्येक लाटेला एक ओलं फडकं तिच्या खांद्यावर पडतं. पाण्याने ती जड होते आहे, हे यापेक्षा सोपं दाखवता येणार नाही.

मशालीवर राळ टाकून भपका उडवायची युक्ती घरातलं कोणीतरी जुनं माणूस नक्की सुचवेल. कापडी पडदा, वाळलेली झापं आणि पोरं असलेल्या खळ्यात ती करायची नाही, मग सुचवणारा कितीही अनुभवी असो.

पायरी ७: कपडे आणि रंग

पाठीवरचा झगा गळ्याला गाठ मारून बांधू नका. धावताना कोणी ओढला तर फास बसतो. खांद्यावर दोन सेफ्टी पिना किंवा वेल्क्रो. चिरेबंदीसाठी पुठ्ठ्याचे चौकोन गेरूने रंगवून जुन्या बनियनवर शिवा, त्यांना पेन्सिलने भोकं पाडली की लांबून जांभाच वाटतो. कुर्लीच्या नांग्या पुठ्ठ्याच्या, त्यात स्वयंपाकघरातला चिमटा बसवला तर त्या खरोखर शंख उचलतात. काजव्याचा हिरवा दिवा कुठे लावायचा यावर चर्चा करू नका, काजव्याला तो पाठीमागे खालीच असतो. पोरं हसून लोळतील. क्रॉसिंगमॅनला पाठीवर फणस, हातात आंब्याची पेटी आणि गळ्यात शिट्टी लागेल.

चेहरे रंगवायचे तर आधी खोबरेल तेलाचा हात फिरवा आणि मुलांसाठी मिळणारे पाण्याने धुता येणारे रंग वापरा. कोपराच्या आत ठिपका लावून दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट बघा. दशावतारातले नट आपला चेहरा स्वतः आरशात बघून रंगवतात. मुलांनाही ते करू द्या, फक्त डोळ्यांजवळ तुम्ही हात लावा.

पायरी ८: मारामारी

याच जागी पोरांना लागतं. नियम एकच, पण तो मोडला की त्या दिवसापुरती तालीम बंद: मारणाऱ्यात आणि मार खाणाऱ्यात एक हात अंतर राहिलंच पाहिजे. दशावतारातलं युद्ध वाद्यांच्या तालावर नाचून होतं, वार झांजेवर पडतो आणि समोरचा त्याच ठोक्याला मागे जातो. तेच घ्या. आधी वाद्य ठरवा: तीन ठोके फिरणं, चौथ्याला वार, पाचव्याला पडणं. शस्त्रांऐवजी पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची रुंद सालं, द्या. ढाल म्हणून त्या छान दिसतात आणि लागल्या तरी काही होत नाही. काठ्या नकोत, क्रिकेटच्या स्टंपा तर मुळीच नकोत.

शेवटची धाव खळ्यात न करता प्रेक्षकांभोवती करा. क्रॉसिंगमॅन शंख घेऊन निघतो, उधाण्या पडद्यामागून शिट्टी मारतो, हा थांबतो. पुन्हा निघतो, पुन्हा शिट्टी. तिसऱ्या वेळी आजी पदराखालून हिरवा रुमाल काढते. यावर टाळी पडली नाही तर रुमाल दिसला नव्हता असं समजा आणि पुढच्या प्रयोगाला मोठा घ्या.

पायरी ९: तालमी आणि प्रयोगाची रात्र

पहिले दोन दिवस गोष्ट, पुढचे दोन प्रवेश, एक दिवस फक्त मारामारी आणि धाव, एक दिवस अंधारात सावलीसह पूर्ण. सातव्या दिवशी सकाळी तालीम घेऊ नका, मुलं दमतात.

उधाण्याचं काम कोणाला द्यायचं यावर भांडण होईल, ते कोणालाच नको असल्यामुळे. वयाने मोठ्या, घरात जरा मान असलेल्या पोराला द्या. सावली बघितल्यावर बाकीच्यांना पश्चात्ताप होतो, पण तोवर वाटप झालेलं असतं.

प्रयोग साडेसातनंतर ठेवा, त्याआधी चादरीवर सावली उमटत नाही. घरच्या वायरी जमिनीवरून नेऊ नका, वरून न्या. वीज गेली तर नाटक थांबवायचं कारण नाही, सावलीचा टॉर्च आणि काजवा बॅटरीवरच आहेत. उलट खाडीतल्या रात्रीला वीज गेली तर ती मुद्दाम घालवली असं लोक समजतील.

सुरुवातीला घरातल्या मोठ्याने नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावं आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा!’ म्हणावं. प्रेक्षकांचा तो आवाज लक्षात ठेवा. खाडीच्या प्रवेशात चिरेबंदी पार जड झाली आणि आता कोसळणार असं वाटलं, की आजीने प्रेक्षकांकडे वळून विचारायचं, ‘पोरीच्या पाठीशी उभे रवतलास काय?’ उत्तर कुठून येईल ते सांगायला नको. त्या आवाजाबरोबर तिच्या खांद्यावरची ओली फडकी एकेक करून प्रेक्षकांतल्या कोणीतरी उचलायची. हे आधी दोन-तीन ओळखीच्या माणसांना सांगून ठेवा, बाकीचे मागोमाग उठतात.

दुसऱ्या दिवशी टॉर्चमधले सेल काढून ठेवा. पावसाळ्याच्या दमटपणात ते गळतात आणि टॉर्च कायमचा जातो. लुगडी धुऊन ज्यांची त्यांना परत द्या. शेजारच्या वाडीने प्रयोग मागितला तर त्या दिवशीची तिथी आजीला आदल्या रात्रीच सांगा. आणि तो दिवस नेमका अष्टमीचा निघाला, तर आजीचं ‘तवसर कळ काढा’ काढून टाकून तिथे ‘आजच!’ घाला, म्हणजे सगळा प्रवेश दुप्पट वेगाने करावा लागेल.